कोॲक्शियल कनेक्टर : हौशी रेडिओतील शक्तिवहन

हौशी रेडिओ केंद्रात ट्रान्समीटर, केबल व अँटेना यांना जोडणारा भाग. तो किती वॉट सोसतो, याचे एकच उत्तर नाही. शिखर शक्ती अडते ती व्होल्टेजवर, ठिणगी पडल्याने. सरासरी शक्ती अडते ती मधली पिन तापल्याने. कंप्रता चौपट झाली की सरासरी क्षमता साधारण निम्मी होते, कारण प्रवाह पिनेच्या पृष्ठभागालगतच वाहतो.

मर्यादा : भारतातील 2009 च्या सुधारित नियमांनी हौशी परवान्याच्या जनरल श्रेणीला 400 वॉट, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला 50 वॉट दिले. 50 ओहमवर 400 वॉट म्हणजे शिखर व्होल्टेज 200 आणि प्रवाह सुमारे 2.8 अँपिअर. एसडब्ल्यूआर (स्थायी तरंग गुणोत्तर) 3 झाला की काही ठिकाणी हेच व्होल्टेज 350 च्या आसपास जाते.

प्रकार : पीएल-259 हा 1930 च्या दशकातील अँफेनॉल कंपनीचा. दर्शनी मर्यादा 500 व्होल्ट. बीएनसीचीही तेवढीच, पण पीएल-259 ची पिन 4 मिमी. जाड, बीएनसीची जेमतेम 1.4 मिमी. म्हणून एफएम किंवा आरटीटीवायवर (रेडिओ टेलिटाइपवर) अखंड 400 वॉट सोडायचे तर बीएनसी नको. एचएफ पट्ट्यांवर जुना पीएल-259 अजूनही पुरून उरतो. 144 मेगाहर्ट्झवर त्याने किती नुकसान होते, यावर मतभेद आहेत. पॉल नील यांच्या एन कनेक्टरचा इम्पिडन्स 50 ओहमवर कायम राहतो, शिवाय रबरी वॉशरमुळे पाणी शिरत नाही. 7/16 मोबाइल टॉवरवरचा. हौशी वापरात क्वचित.

एसएमए : मुख्यतः हातातील संचांवर.

जोडकाम : क्षमता कागदावर असते, घात ड्राय सोल्डर करतो. स्वस्त पीएल-259 च्या निकेल मुलाम्यावर सोल्डर धरत नाही. चारही छिद्रांभोवती कानस मारावी, जाड बिटाची सोल्डरिंग आयर्न वापरावी, केबलची जाळी आतून भिजेपर्यंत सोल्डर वाहू द्यावे. इन्सुलेशन टेफ्लॉनचे घ्यावे. साधे प्लॅस्टिक या उष्णतेत वितळून पिन सरकते. छतावरचा सांधा पावसाळ्यापूर्वी सेल्फ-अमल्गमेटिंग टेपने बंद करावा.

चिकलठाणा : येथे छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ आहे, त्यामुळे परिसरातील हौशी केंद्रांनी सांधे जपावेत. गंजलेला सांधा डायोडसारखा वागून हार्मोनिक निर्माण करतो. 14 मेगाहर्ट्झचा नववा हार्मोनिक 126 मेगाहर्ट्झवर, म्हणजे 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या विमानसंवाद पट्ट्यात पडतो.