एकाच पांघरुणाखाली

एसटीतून उतरल्याबरोबर धुरळा तुमच्या तोंडात जातो. साल १९७१, गाव जामखेड. नगरहून इथवर यायला अख्खी सकाळ गेलीय. स्टँडवर कुणालाही विचारा, आरोळे डॉक्टर कुठं बसतात? हात एकाच दिशेला जातो. "तो काय, जुना जनावरांचा दवाखाना."

खरंच जनावरांचाच. गावाने मोकळी करून दिलेली ती जुनाट इमारत, आणि आत दोन डॉक्टर, नवरा-बायको. डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले, डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरला शिकले, १९६० साली लग्न केलं, नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात राबले. पुढचं शिक्षण अमेरिकेत घेतलं आणि १९७० मध्ये मुद्दाम या कोरड्या, उपेक्षित तालुक्यात आले.

तुम्ही रांगेत बसता. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू हगवणीने सुकून गेलंय, टाळू आत दबलीय. मेबलताई विचारतात, "पाणी पाजलं का?"

"नाही बाई. पाण्यानं हगवण वाढती म्हणत्यात. सासूनं नको म्हटलं."

तुम्हाला ओरडावंसं वाटतं. मेबलताई ओरडत नाहीत. वाटीत मीठ-साखरेचं पाणी कालवतात आणि चमचा त्या आईच्याच हातात देतात. या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत. चमचाभर पाणी घरातच मिळालं असतं तर यांतली कितीतरी वाचली असती. दवाखाना कितीही मोठा बांधला तरी तो चमचा घरात पोचत नाही, हे तुम्हाला त्या रांगेत कळतं. आरोळ्यांना ते आधीच कळलंय.

वर्ष पुढे सरकतं. १९७२. ज्वारी करपलीय, विहिरींचे तळ दिसताहेत. बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडताहेत, रेशनवर लाल मिलो मिळतेय. आरोळे पतिपत्नी लेकरांसाठी शिजवलेल्या अन्नाची सोय करतात आणि गावोगाव बोअर घ्यायला लागतात. एका वेशीपाशी तुम्ही उभे राहता. पाणी कुठं लागेल ते बघणारा माणूस फिरतोय आणि त्याची खूण पुन्हा पुन्हा दलित वस्तीतच पडतेय. गावकऱ्यांना वाटतं, जमिनीखालचा झराच तसा वाहतो. तुम्हाला मात्र आतली गोष्ट ठाऊक आहे: खुणा याच वस्तीत करायच्या, हे आरोळ्यांनी आधीच सांगून ठेवलंय. पंप बसतो. दोन दिवस वरच्या आळीच्या बाया लांबून बघतात. तिसऱ्या दिवशी तहान जिंकते आणि घागरी त्या वस्तीत येतात. भाषणांनी जे झालं नसतं ते एका हापशाने केलं. माझ्या मते या दाम्पत्याच्या सगळ्या कामातली ही सर्वांत धाडसी गोष्ट आहे.

आणखी थोडं पुढे चला. मंगळवार आहे. खेड्यापाड्यांतून बाया येताहेत, कुणी चालत, कुणी मिळेल त्या वाहनाने. शिकलेल्या परिचारिका गावात पाठवून पाहिल्या, पण गावं त्यांना आपलं मानेनात. म्हणून गावांनीच आपापली बाई आरोग्यसेविका म्हणून निवडून दिलीय. बहुतेकींना अक्षरओळख नाही. कुणी विधवा, कुणी टाकलेली, अनेकजणी दलित. ओसरीच्या आत पाऊल टाकायची ज्यांना मुभा नव्हती, त्या आता बाळंतपणाला बोलावल्या जाणार आहेत.

त्या काय शिकतात ते नीट बघा. हात साबणाने धुवायचे, नाळ नव्या पात्याने कापायची, पहिलं पिवळं दूध फेकायचं नाही, गरोदर बाईच्या पायावरची सूज बोट दाबून ओळखायची. अंगावरचा डाग बधिर असेल तर महारोगाची शंका घ्यायची, आणि त्या रोग्याला वाळीत टाकायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या परत येतात आणि कुणाचं काय झालं ते सांगतात. चुकलेलंही सांगतात.

रात्री एकत्र रांधलेली भाकरी तुमच्याही पुढ्यात येते. मग जमिनीवर ओळीने झोपायचं, आणि सगळ्यांवर एकच मोठं पांघरूण. मराठा, माळी, महार, मांग, सगळ्या त्याखाली. तुम्ही कडेला आडवे होता. अंधारात कुणीतरी हळूच विचारतं, "ए, तुला पुरतंय का?" आणि पांघरूण तुमच्या बाजूला थोडं सरकतं.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट १९७९. तुम्ही मनिलात आहात. १९५८ साली विनोबांना ज्या नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच सामुदायिक नेतृत्वासाठी रजनीकांत आणि मेबल आरोळे ही दोन नावं एकत्र पुकारली जातात. टाळ्या वाजतात, तुम्हीही वाजवता. पण मन जामखेडला धावतं. तिथल्या एखाद्या खेड्यात याच घटकेला एखादी बाई कंदिलाच्या उजेडात नाळ बांधत असेल.

१९८८ मध्ये या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत उभ्या राहिल्या. सभागृहातल्या महागड्या दिव्यांकडे त्यांनी बोट दाखवलं आणि मग हातातल्या साध्या दिव्याने दुसरा दिवा लावून दाखवला. सारं सभागृह उठून उभं राहिलं. १९९० मध्ये डॉ. आरोळ्यांना पद्मभूषण मिळालं. नव्वदच्या दशकात इथला तो १७६ चा आकडा तिशीच्या खाली आला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये.

आता तुम्ही आजच्या जामखेडमध्ये आहात. याच तालुक्यात चौंडी आहे. ३१ मे १७२५ ला तिथे जन्मलेल्या अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आणि २०२४ पासून जिल्हाच त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २०२३ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर एक सन्मान सुरू केलाय. महिला आणि बालकल्याणासाठी झटणाऱ्या गावातल्या दोन बायांना तो द्यायचा असतो. पैशात मोजाल तर किरकोळ. पण तो गावाने द्यायचा आहे, म्हणून मला तो मोठा वाटतो.

अहिल्याबाईंच्या येत्या जयंतीच्या आधी तुमच्या गावची नावं ठरतील. पुढाऱ्याच्या घरातलं नाव सोपं असतं, ते आपोआप पुढे येतं. तुम्ही जरा वस्तीत चक्कर मारा. रात्री दोन वाजता कुणाचं दार वाजवता येतं, तान्ह्या बाळाला आधी कुणाकडे नेतात, ते बायांनाच विचारा. एकच नाव पुन्हा पुन्हा ऐकू येईल. ते कागदावर लिहा आणि ग्रामपंचायतीत नेऊन द्या.