तगाई आणि अनुदान

‘तगाई’ हा शब्द मूळ अरबी असून बळ देणें हा त्याचा अर्थ होय. इ. स. १६७६ मध्यें शिवछत्रपतींनीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस आज्ञा केली, कीं ज्यास शेत कसण्याची शक्ति आहे पण बैल नाहींत, दाणा नाहीं, त्यास तें द्यावें व मुद्दल तेवढें व्याजावांचून सवडीनें घ्यावें.

पुढें ब्रिटिश मुलुखांत १८८३ च्या कायद्यानें विहिरी-बांधांसाठीं आणि १८८४ च्या कायद्यानें बीं-बैलांसाठीं तगाई मिळूं लागली. नांदेड-लातूरचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं असल्यामुळें या कायद्यांच्या कक्षेबाहेर होता.

२०१९ मध्यें केंद्र सरकारनें शेतकरी कुटुंबास वर्षाकांठीं ६,००० रुपये तीन हप्त्यांत देण्याचें ठरविलें. २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें तितकीच भर घातली. तगाई फेडावी लागे; हें अनुदान फेडावयाचें नाहीं. परंतु तें जमिनीच्या नोंदीवरून मिळतें. म्हणून किनवटच्या डोंगरांत असो वा औशाच्या काळ्या रानांत, परक्याचें शेत बटईनें कसणारा भूमिहीन त्यास मुकतो.

जुन्या पत्रांत कसोटी कसण्याची होती, आज ती नांवावरच्या जमिनीची आहे. बळ नेमकें कोणास द्यावयाचें, हा प्रश्न आपण पुन्हा विचारावयास हवा.