४० लिटरचा समुद्र

तर मंडळी, या वीकेंडचा विषय जरा ओला आहे. फिशटँकचा फिल्टर! रिसेप्शनवर गोल्डफिशचा टँक असतो, त्याचा नाही. खाऱ्या पाण्याचा, आत जिवंत प्रवाळ वाढवलेला 'रीफ टँक' असतो ना, त्याचा. आणि तोही टेबलावर मावेल एवढा, ३०-४० लिटरचा.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला पंप आणि पाइप दिसले की अजून बरं वाटतं. म्हणून या फिल्टरचा इतिहास वाचायला घेतला. कॉम्प्युटर आधी खोलीभर होता, मग टेबलावर आला, मग खिशात. फिल्टरचंही असंच झालं असेल असं कुणालाही वाटेल. पण इथली गोष्ट वेगळी आहे.

आधी लहान टँक अवघड का, ते बघू. ३४ सेंमी बाजूच्या चौकोनी ठोकळ्यात साधारण ३९ लिटर पाणी मावतं, ७४ सेंमीच्या ठोकळ्यात ४०५ लिटर. दोन्हीकडे दिवसाला ५ मिमी पाणी उडालं असं धरा. मोठ्या टँकमधलं पाणी ०.७ टक्के कमी झालं, लहानातलं १.५ टक्के. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. चार दिवस लक्ष दिलं नाही तर लहान टँकमध्ये लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार ३७ ग्रॅमच्या वर जातात. एखादा मासा दगडामागे मरून सडला तर अमोनियाचं तेच. मोठ्या टँकमध्ये घोटाळा पातळ होतो, लहानात तो घट्टच राहतो!

आता अमोनियाचं काय करायचं? काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्याचं नायट्रेट. इथवरच्या कामाला ऑक्सिजन लागतो. नायट्रेट अमोनियाइतकं विषारी नसतं, पण साठत जातं, शेवाळ माजतं आणि प्रवाळ मागे पडतात. नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडणारे जिवाणूही असतात, पण त्यांना ऑक्सिजन जवळजवळ नसलेली जागा लागते. म्हणजे एकाच यंत्रणेत दोन विरुद्ध हवामानं हवीत. खरा इंजिनिअरिंग प्रॉब्लेम हा आहे.

सुरुवात १८४६ ची. अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पंप नाही, वीज नाही. मग थिनबाईंची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, अर्धा-पाऊण तास! पाण्यात हवा मिसळायची हीच यंत्रणा. पुढे थिनबाईंनी समुद्री शेवाळही त्यात वाढवलं. बाईंचं नाव इतिहासात आलं. त्या पोरीला मात्र पंप म्हणायचं की फिल्टर, कुणी ठरवलं नाही.

शंभरेक वर्षं पुढे येऊ. १९५० च्या दशकात 'अंडरग्रॅव्हल' फिल्टर रूढ होत होता. तळाशी जाळीदार प्लेट, वर खडी, आणि हवेच्या बुडबुड्यांनी खडीतून खेचलेलं पाणी. खडीवर जिवाणू वस्ती करायचे. मासे जगायचे, पण घाण खडीत अडकून राहायची, नायट्रेट वाढत जायचं आणि प्रवाळांचं काही खरं नसायचं.

आणि मग १९६१. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातून आणलेले सजीव दगड, म्हणजे जिवाणू, शेवाळ आणि बारीकसारीक जीवांनी भरलेले प्रवाळाचे सच्छिद्र तुकडे, ते टँकमध्ये रचायचे. सोबत समुद्राचं पाणी, ऊन आणि थोडे हवेचे बुडबुडे. संपलं. त्यांच्या टँकमध्ये प्रवाळ जगत होते.

यातली मेख बघा. दगडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन भरपूर, आत खोलवर जवळजवळ नाही. ती दोन विरुद्ध हवामानं मुठीएवढ्या दगडात तयार! पण लीसाहेबांच्या दाराशी समुद्र होता आणि डोक्यावर विषुववृत्ताचं ऊन. थंड देशातल्या हौशी माणसाकडे दोन्ही नव्हतं. त्यामुळे पद्धत छापून आली, आणि बहुतेकांनी यंत्रांचा रस्ता धरला.

एक यंत्र मात्र अस्सल होतं. १९६० च्या दशकात जर्मनीत 'प्रोटीन स्किमर' पुढे आला. उभ्या नळीत बारीक बुडबुडे सोडायचे. प्रथिनांसारखे पदार्थ बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात जमतो. घाण कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर! खाऱ्या पाण्यात बुडबुडे पटकन एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे समुद्राच्या पाण्यात उत्तम जमतं.

१९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत 'मिनी-रीफ'ची लाट आणली. त्यात भर ट्रिकल फिल्टरवर होता. टँकखालच्या पेटीत माध्यमावरून पाणी ठिबकत ठेवायचं, की जिवाणूंना हवाच हवा. अमोनिया झटक्यात संपायचा, पण शेवटी नायट्रेटच. ते कुठे जाणार? इकडे बर्लिनच्या हौशी मंडळींनी तोवर वेगळीच वाट काढली होती: सजीव दगड, तगडा स्किमर, प्रखर दिवे. ट्रिकल फिल्टरला सुट्टी. १९९० च्या दशकात ही 'बर्लिन पद्धत' अमेरिकेतही रुळली. म्हणजे लीसाहेबांनी सांगितलेला दगडच पुन्हा मध्यभागी आला, तीसेक वर्षांनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

टेबलावरचा टँक यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाला. जिवाणूंच्या घरासाठी वेगळी पेटी नको म्हटल्यावर उपकरण आपोआप आटोपशीर झालं. २००० च्या दशकात 'ऑल-इन-वन' नॅनो टँक लोकप्रिय झाले. काचेच्या मागे तीन कप्पे: पहिल्यात कचरा अडवणारा कापूस, दुसऱ्यात कार्बन किंवा छोटा स्किमर, तिसऱ्यात पाणी परत पाठवणारा पंप.

साधं वाटतं ना? पण पुढच्या भागातली पातळी दातेरी काठामुळे ठरलेली असते, त्यामुळे उडालेल्या सगळ्या पाण्याची घट शेवटच्या कप्प्यात दिसते. आपल्या ३९ लिटरच्या टँकमधून दिवसाला साधारण ५८० मिली पाणी उडतं. पंपाचा कप्पा १० बाय १५ सेंमीचा असेल तर तिथली पातळी दिवसात जवळजवळ ४ सेंमी उतरते! दोन-तीन दिवसांत पंप हवा ओढायला लागणार. म्हणून तिथे फ्लोट स्विच आणि गोड्या पाण्याची बाटली जोडतात. स्किमरला स्थिर पातळी लागते, म्हणून तो मधल्या कप्प्यात. स्किमरची उंची कमी केली की बुडबुड्याला घाण पकडायला वेळ कमी मिळतो, म्हणून पंपाच्या चक्रालाच सुया लावून बुडबुडे आणखी बारीक करायचे. प्रत्येक सेंटीमीटरसाठी अशी घासाघीस चालते.

आणि इतकं करूनही लहान टँकचं सगळ्यात भरवशाचं उपकरण कोणतं? बादली! ४०५ लिटरमधलं १० टक्के पाणी बदलायचं म्हणजे ४० लिटर खारं पाणी बनवा. ३९ लिटरमधलं १० टक्के म्हणजे चार लिटर, चहा उकळेपर्यंत काम आटोपतं. नायट्रेट कमी होतं, खर्ची पडलेलं कॅल्शियमही थोडंफार भरून निघतं. आकाराने लहान टँकचं जे नुकसान केलं, ते इथे परत मिळतं.

हे वाचून हात शिवशिवले असतील तर एकच सांगतो. २००१ मध्ये आपल्याकडे खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात झाला, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. मालवणला स्नॉर्केलिंग जरूर करा, पण तिथला तुकडा उचलून घरी आणायचा नाही. जिवंत तर नाहीच, मेलेलाही नाही.

मला या इतिहासात सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे ली चिन एंग. आम्ही प्रोजेक्टमध्ये नवीन मॉड्यूल लिहिलं की टाळ्या पडतात. असलेलं मॉड्यूल काढून टाकलं आणि सिस्टिम तरी नीट चालली, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. लीसाहेबांनी १९६१ मध्ये नेमकं तेच केलं होतं, आणि ते पटायला जगाला तीस वर्षं लागली. असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.