पीएम किसान व नमोचा हप्ता अडकला? आधी बँक पाहा, मग सातबारा

पीएम किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये पात्र शेतकरी कुटुंबाला मिळतात. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानच्या यादीवरूनच तो निघतो. त्यामुळे एक हप्ता अडला की दुसराही अडतो. २,००० रुपयांत डीएपीची एक बॅग आणि युरियाच्या दोन बॅगा येतात. पेरणीच्या तोंडावर ही रक्कम आली नाही, तर अकोला-अमरावतीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला उधारी करावी लागते.

हप्ता थांबला म्हणजे नाव कापले, असे लगेच समजू नका. पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाका. जमीन नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक जोडणी या तीन ओळी दिसतील. जिथे 'नो' असेल तेवढेच काम करा. नवा अर्ज भरून गुंता वाढवू नका.

बँकेची गफलत

पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर नव्हे, तर आधारशी जोडलेल्या खात्यावर जातात. आधार थेट लाभासाठी एका वेळी एकाच बँकेशी जोडलेला असतो आणि सर्वांत शेवटी जोडलेली बँक धरली जाते. आपल्याकडे पीककर्जासाठी जिल्हा मध्यवर्ती बँकेत एक खाते, जनधनचे दुसरे, पोस्टाचे तिसरे, असे सर्रास असते. मग एका पासबुकात नोंद नाही म्हणून आपण तक्रार करतो आणि पैसा दुसऱ्याच खात्यात पडलेला असतो. माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की बँकेचे नाव कळते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असे नाही. थेट लाभासाठीचा संमती अर्ज वेगळा भरावा लागतो. महाडीबीटीवरील ठिबक, तुषार व अवजारांचे अनुदानही आधारशी जोडलेल्या खात्यातच येते, म्हणून हे काम एकदा नीट कराच.

सातबारा आणि वारस

खातेदार वारला तर त्याच्या नावाने येणारे हप्ते वापरू नका, पुढे वसुली होते. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज करा. फेरफार मंजूर झाल्यावर पत्नीने किंवा वारसाने स्वतःच्या नावाने नोंदणी करावी. कर्ता पुरुष गेलेल्या घरात ही नोंद वर्षानुवर्षे राहून जाते आणि गरज असते तिथेच पैसा पोचत नाही. कृषी सहायकांनी गावातील अशा घरांची यादी स्वतःहून करावी.

योजनेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही जमीनधारणेची तारीख धरली आहे. त्यानंतर खरेदी, बक्षीसपत्र किंवा वाटणीने नाव लागले असेल तर लाभ नाही. मृत्यूनंतरच्या वारसाहक्काला सूट आहे. नवरा-बायको दोघांच्या नावे वावर असले तरी लाभ एकालाच. आयकर भरणारेही बसत नाहीत.

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी फार्मर आयडी बंधनकारक आहे. एक वावर अचलपूर तालुक्यात आणि दुसरे दर्यापुरात असेल, तर दोन्ही गट त्यात आले का, हे तपासा.

व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका, खाते रिकामे होऊ शकते. ई-केवायसी सरकारी अॅपवर चेहरा दाखवून किंवा सेवा केंद्रात अंगठा लावून करा. पीएम किसानची मदतवाहिनी : १५५२६१.