घरचं नाटक

जुन्या शहरातल्या आमच्या वाड्यात ‘संगीत शारदा’ हे घरचं नाटक समजलं जाई. घरच्यांनी बसवलेलं असं नव्हे, घरच्यांवरून लिहिलेलं. गोविंद बल्लाळ देवलांच्या कानावर आमच्या आत्याबाईची हकीकत गेली आणि त्यांनी नाटक लिहायला घेतलं, हे मला लहानपणी तीन-चार तोंडांनी ऐकवलं गेलंय. सांगणाऱ्यांत एकमत होतं, म्हणून ते खरं. पुढे कळलं की असली एकमतं गावोगावी आहेत. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यामुळे तिकडचे म्हातारे दक्षिणेतल्या कुठल्याशा संस्थानिकाच्या उतारवयातल्या लग्नाकडे बोट दाखवतात. संस्थान मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतं. आमच्याकडे ते वऱ्हाडात, मोर्णा नदीच्या काठी, राजराजेश्वराच्या देवळाकडून असदगडाकडे येणाऱ्या बोळात घडलेलं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या पणजोबांची धाकटी बहीण. आजी तिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात तीस-बत्तीस वर्षं राहिली, आणि मला आत्याबाई जी माहीत आहे ती आजीच्या तोंडची. तिचा बाप एका अडत्याकडे दिवाणजी होता. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाची दैना झाली. त्याला आमच्याकडे ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणत, संवत १९५६ वरून. कापूस आला नाही, ज्वारी आली नाही, अडत बुडाली, दिवाणजींच्या डोक्यावर कर्ज झालं. त्यानंतरच्या एका वैशाखात नऊ वर्षांची आत्याबाई पन्नाशी ओलांडलेल्या एका जमीनदाराला दिली गेली. बिजवरसुद्धा नव्हता तो, तिजवर होता. कर्ज फिटलं. पंधराव्या वर्षी आत्याबाई केशवपन करून माहेरी परत आली आणि मरेपर्यंत वाड्यातच राहिली.

नाटकाची गोष्ट सांगायची तर एवढीच: कांचनभट पैशाच्या लोभानं आपली शारदा नावाची कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्ये दलाली करतो. आई, इंदिराकाकू, तळमळते, पण तिचं कोण ऐकतो? ऐन लग्नात कोदंड येऊन सांगतो की वधूवरांचं गोत्र एक आहे. लग्न मोडतं. अर्धं लागलेलं लग्न मोडलेल्या मुलीला पुन्हा कोण करणार, म्हणून शारदा जीव द्यायला नदीवर जाते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीनं लग्न करतो.

हा गोत्राचा तोडगा मला नेहमी खटकत आलाय. म्हातारा थांबतो तो वयामुळे थांबत नाही. म्हणजे गोत्र वेगळं असतं तर लग्न लागलंच असतं, आणि शास्त्राला काही म्हणायचं नव्हतं. देवलांना हे कळत नव्हतं असं नाही. नाटकाआधी आठच वर्षं, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला होता. शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा केलं, तर केवढं रण माजलं! खुद्द टिळक विरोधात उभे राहिले. अशा प्रेक्षकांपुढे किर्लोस्कर नाटक मंडळीला दारात पेटी ठेवून तिकिटं विकायची होती. देवलांनी प्रेक्षकांना रडवलं शारदेच्या दुःखानं आणि सोडवलं शास्त्राच्या आधारानं. देवलांची बाकीची नाटकं संस्कृतावरून, इंग्रजीवरून बेतलेली. ‘मृच्छकटिक’, ऑथेल्लोवरचा ‘झुंझारराव’, पुढे ‘संशयकल्लोळ’. स्वतंत्र असं हे एकच. आणि त्या एकाचंच मूळ शोधायला लोक गावोगावचे वाडे धुंडाळत बसले.

आमच्या दिवाणजींनी गोत्र नीट पाहिलं होतं. वेगळं निघालं. लग्न लागलं.

रंगभूमीवर शारदा व्हायचा एखादा मुलगाच. केशवराव भोसल्यांचं नाव पोरवयात झालं ते याच भूमिकेत. पुरुषांनी लिहिलेलं, मुलग्यांनी गायलेलं बाईचं दुःख ऐकून उपरणी भिजवणारे पुरुष घरी येऊन मुलीची पत्रिका काढत असतील, हे मला अगदी शक्य वाटतं. आमच्या घरच्या बायकांनी नाटक पाहिलंच नव्हतं. त्यांच्याकडे होतं पद्यांचं पुस्तक. प्रयोगाला गेलेला कुणीतरी ते घेऊन आला, आणि माजघरातल्या बायकांनी फक्त पदांवरून सगळं नाटक आपल्या मनानं रचलं. मधले संवाद ज्याचे त्याचे. आजीच्या ‘शारदे’तली इंदिराकाकू कांचनभटाच्या अंगावर पोळपाट फेकते. देवलांच्या पुस्तकात तसं काही नाही, हे मी तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “लिहायचं राहून गेलं असेल.”

आजी स्वतः आठव्या वर्षी या घरात आली. १९२९ च्या सप्टेंबरात हरविलास सारडांचा बालविवाहाचा कायदा मंजूर झाला. मुलीला चौदा, मुलाला अठरा, आणि अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली, ती १९३१ च्या शिरगणतीत दिसते. कायदा बंद करायला निघाला होता, आणि त्याच्याच नावानं पाच-सात वर्षांच्या मुलीसुद्धा बोहल्यावर चढल्या. आजी त्यातलीच, फाल्गुनातली. ‘शारदा’ नाटकामुळे शारदा कायदा आला, असंही वाड्यात म्हणत. नाव पडलं होतं सारडांवरून, आणि सारडा अजमेरचे, पण आमच्याकडे सगळ्या गोष्टी नाटकातूनच निघत.

त्या लग्नाला एकट्या आत्याबाईनं विरोध केला. विधवेचा विरोध, तोही माजघरातून, कोण विचारतो? लग्न झालं. मग तिनं दुसरं काम केलं. सुनेला चुलीशी बसवायच्या आधी पाटी आणली आणि अंगणातून मुलींच्या शाळेत पाठवली. पणजोबा रागावले, तर म्हणाली, “माझ्या वेळी तुम्ही गप्प होता नं? आताही राहा.” आजी चौथीपर्यंत शिकली ती त्या एका वाक्यावर.

ही हकीकत माझ्या डोक्यात असतानाच आमच्याकडे व्हिडिओ भाड्यानं आणून सिनेमे पाहायचा काळ आला, आणि एका उन्हाळ्यात मामेबहिणीनं ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणला. आजी शेंगा फोडत मागे बसली होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं. पद्यांच्या पुस्तकावर वाढलेल्या बाईला त्याची गरजही नव्हती. सात मुलांचा बाप, बायको वारलेली, घरात शिकवायला आलेली तरुण मुलगी. आजीनं विचारलं, “काय वय असेल गं त्याचं?”

आम्ही हसलो. मी मोठेपणी शोधलं. खरा कॅप्टन गेओर्ग फॉन ट्रॅप १८८० चा, मारिया १९०५ ची. लग्न १९२७ ला. सत्तेचाळीस आणि बावीस. सिनेमामागचं रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांचं संगीत नाटक ब्रॉडवेवर १९५९ च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा या हिशेबाची कुणाला आठवण झाली असेल असं वाटत नाही. मारियानं १९४९ च्या आपल्या आठवणींत मात्र सरळ लिहिलंय की लग्नाच्या वेळी तिचं प्रेम होतं ते मुलांवर. ती आली होती एकाच आजारी मुलीला शिकवायला. नाटकातला कडक, शिट्टीवर मुलं हाकणारा बाप घरच्यांना पटला नाही. खरा कॅप्टन मऊ आणि गाण्यातला होता. आणि आल्प्स चढून पळणं वगैरे काही घडलं नाही, १९३८ साली ही मंडळी आगगाडीत बसून इटलीला गेली.

फॉन ट्रॅपांची तक्रार अशी की आम्ही असे नव्हतो. आमच्या घरची उलटी: आम्हीच ते. आपल्या घराण्यात कांचनभट होऊन गेला हे अभिमानानं सांगणारी माणसं जगात दुसरीकडे असतील का, मला शंका आहे. पण त्यात एक सोय होती. नाटकात घालून ठेवलं की दोष कांचनभटाचा होतो. दिवाणजींचा फोटो बैठकीत हारासकट राहतो.

हा हिशेब एकदा चुलत आजोबांनी मोडला. ते पोस्टातून निवृत्त झालेले, तारखांना पक्के. दिवाळीत सगळे जमलेले असताना म्हणाले, नाटक १८९९ चं. आत्याबाईचं लग्न दुष्काळ सरल्यावरचं. देवलांनी घरचं लिहिलं कसं? आणि पुढे, जरा आवाज उतरवून: दिवाणजी रुईच्या कामाला मुंबईस गेले होते, तिथे त्यांनी ‘शारदा’ पाहिलं होतं. घळाघळा रडले म्हणे. पद्यांचं पुस्तक त्यांनीच आणलेलं.

कुणी काही बोललं नाही. एका काकूंनी विषय चकल्यांवर नेला.

रात्री मी आजीला विचारलं, आत्याबाईला हे माहीत होतं का. आजी म्हणाली, “तिला सगळं माहीत होतं.” पद्यं वाचून दाखवायला ती आजीलाच सांगे, पण शारदा नदीवर जाते तिथे थांबवी. म्हणे, “वैशाखात मोर्णेत पाणी तरी असतं का? गुडघ्याएवढं. जीव कुठे द्यावा माणसानं?” मग एकदा आजीनं, तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल, तिला विचारलं होतं की लग्न मोडल्यावर त्या भुजंगनाथाचं पुढे काय झालं, ते पुस्तकात का नाही.

“काय होते?” आत्याबाई म्हणाली. “पैसा होता नं त्याच्याजवळ. तिथलं मोडलं, म्हणून तो इकडे आला.”