वेस्पा, चेतक आणि दोन स्पार्क प्लग

गेल्या रविवारी मावसभाऊ घरी आला तो भडकूनच. त्याचं भोसरीत छोटंसं वर्कशॉप आहे. वर्षभर खपून त्याने एक टेबल लॅम्प बनवला, एका प्रदर्शनात मांडला आणि तीन महिन्यांत हुबेहूब तसाच लॅम्प निम्म्या किमतीत बाजारात!

"डिझाईन रजिस्टर केलं होतंस?"

नव्हतं. आणि आता उपयोगही नाही. २०००च्या डिझाईन कायद्यानुसार अर्ज करायच्या आधी वस्तू लोकांसमोर आली की ती 'नवी' उरत नाही. (सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनांना सवलत आहे, पण त्यासाठीही आधी नोटीस द्यावी लागते. कोण देतं?)

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अरे, आपली चेतक तरी कोणाची होती?"

झालं! रविवार त्यातच गेला.

वेस्पा जन्मली १९४६ साली, इटलीत. पियाज्जिओ कंपनी, आणि डिझायनर कोरादिनो द'आस्कानियो हा विमानांचा इंजिनियर. त्याला म्हणे मोटारसायकली आवडायच्याच नाहीत! १९६०च्या सुमारास बजाजने परवाना घेऊन वेस्पा इथे बनवायला घेतली. १९७१ मध्ये करार संपला, सरकारने मुदतवाढ दिली नाही. पुढच्याच वर्षी जवळपास त्याच रूपात, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून आकुर्डीची चेतक हजर. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक तिच्यासाठी.

ही चोरी का? भारतात डिझाईनचा हक्क फार तर १५ वर्षं टिकतो, आणि वेस्पाचं रूप तोवर २५ वर्षांचं झालं होतं. पण बजाज स्कूटर निर्यात करायला लागल्यावर पियाज्जिओने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेसह काही देशांत दावे ठोकले. निर्यातीला चांगलीच खीळ बसली.

आता गंमत बघा. २००३च्या पल्सरमध्ये बजाजने डीटीएस-आय आणलं: एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. यावेळी पेटंट होतं, म्हणजे दिसण्याचं नाही, चालण्याचं. अर्ज २००२चा, मंजुरी २००५ची. २००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगची 'फ्लेम' आणली आणि बजाज मद्रास हायकोर्टात. टीव्हीएसचा बचाव काय? यात नवीन काहीच नाही, होंडाचं जुनं अमेरिकन पेटंट बघा! आकुर्डीकर आता पियाज्जिओच्या खुर्चीत बसले होते.

फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम आला, फ्लेम एकाच प्लगवर विकावी लागली. मे २००९ मध्ये हुकूम उठला. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने विक्री चालू ठेवा, हिशोब ठेवा आणि खटला लवकर संपवा असं सांगितलं. 'लवकर' म्हणजे किती? दोघांनी तडजोड केली ती २०१९ मध्ये. पेटंटचं आयुष्य २० वर्षांचं, त्यातली १७ संपली होती. बजाजला एवढे वकील परवडतात. भोसरीच्या गाळ्याला?

म्हणून मला रजिस्ट्रेशनचं फारसं कौतुक वाटत नाही. तरी भावाला फॉर्म भरायला बसवलंच, पुढच्या लॅम्पसाठी. तो तयार होतोय म्हणे. फोटो मागितला तर देत नाही, मलासुद्धा.