आवाज दुसऱ्याचा, चेहरा अमर शेखांचा

आळंदीहून माउलींची पालखी पुण्याला निघते तेव्हा ती आमच्या दिघीवरून जाते. त्या दिवशी मॅगझीन चौकाच्या आसपास रस्त्याच्या कडेनं मांडव पडतात, कुठं चहा, कुठं केळी, आणि स्पीकर तर हवाच. एक गाणं दरवर्षी वाजतं, विठ्ठलाला वेडा कुंभार म्हणणारं. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली चार-पाच मुलं माझ्यासोबत पाणी वाटायला उभी होती. एकानं विचारलं, "सर, हे कुणी म्हटलंय?"

"सुधीर फडके."

"आणि पिक्चरमध्ये कोण आहे?"

"अमर शेख."

"शेख? म्हणजे आपले?"

मी पटकन "हो" म्हणालो. मग ते 'हो' दिवसभर टोचत राहिलं. चूक नव्हतं, पण अपुरं होतं. ज्या माणसाला परळ-लालबागचा गिरणी कामगार आपला म्हणायचा, त्याला मी एका अक्षरात आमच्या मोहल्ल्यात आणून बसवलं होतं.

मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घरात गरिबी. आई मुनेरबींच्या तोंडी ओव्या आणि लोकगीतं होती, पोरानं गाणं तिथून उचललं. मराठी ही त्यांच्यासाठी शाळेत शिकलेली भाषा नव्हती, जात्यावरची होती. (मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. "तुमचं मराठी छान आहे हो," असं मला अजून कौतुकानं सांगितलं जातं. बार्शीच्या मुनेरबीला कुणी असं म्हटलं असतं का, हा विचार मनात येतो.) पाणक्या, मोटारीवरचा क्लीनर, गिरणी कामगार अशी सगळी कामं मेहबूबनं केली. संपात पुढे झाला म्हणून विसापूरच्या तुरुंगात गेला आणि तिथं कम्युनिस्ट विचारांशी गाठ पडली.

पुढचा टप्पा मला फार आवडतो. तुरुंगानंतर ते कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत कामाला लागले, आणि 'अमर शेख' हे नाव तिथं रुळलं. म्हणजे ज्या नावानं पुढे मैदानं गाजवली ते नाव सिनेमाच्या दारात मिळालेलं आहे. पण ते तिथं थांबले नाहीत. मुंबईला गेले, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कला पथकात उभे राहिले. डफ, तुणतुणं आणि तो पहाडी आवाज. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची मैनेची लावणी त्यांच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेली. आचार्य अत्रे त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणत. अत्र्यांना अतिशयोक्तीची हौस होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथं मी त्यांच्या बाजूनं आहे.

अत्र्यांनीच 1954 साली 'महात्मा फुले' काढला, त्यात शाहिरांची भूमिका होती. पण खरं काम 1961 च्या 'प्रपंच'मध्ये. दिग्दर्शक मधुकर पाठक, गीतं ग. दि. माडगूळकरांची. देवा कुंभार, सहा पोरं, कर्ज, बायको सुलोचनाबाई. देवा ओझ्याखाली मोडतो, जीव देतो, आणि धाकटा भाऊ, श्रीकांत मोघे, तो संसार खांद्यावर घेतो. विषय कुटुंबनियोजनाचा, त्यामुळं अधूनमधून सरकारी खात्याचा वास येतो. तरी चित्रपट टिकला आहे. देवाच्या चेहऱ्यावरची दमणूक नट शिकून आणतो तशी वाटत नाही. ज्यानं पाणी वाहिलंय, गिरणीत उभं राहून पाळ्या केल्यात, त्याचा तो चेहरा आहे.

आणि या चित्रपटात शाहिरांना आवाज मिळाला तो फडक्यांचा! महाराष्ट्रातला सर्वांत बुलंद गळा पडद्यावर आहे आणि गातोय दुसराच. 1936 च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतः गायले होते. पंचवीस वर्षांत पार्श्वगायनानं गळा आणि चेहरा वेगळे करून टाकले होते. फडके संघाचे, अमर शेख कम्युनिस्ट. एक 1954 च्या दादरा-नगर हवेली मुक्तीत उतरलेला, दुसरा गोवामुक्तीसाठी गाणी म्हणत फिरणारा. हे दोघं मिळून एक विठ्ठलभक्त कुंभार झाला. आज कुणी असं जमवायला गेलं तर दोन्हीकडून फोन येतील.

फ्रान्समध्ये जवळपास असाच माणूस होता, ईव्ह मोंताँ. मूळ नाव इव्हो लिव्ही, 1921 साली इटलीत जन्म. बाप कम्युनिस्ट, मुसोलिनीच्या राजवटीपासून पळून मार्सेलला आला. पोरानं कारखान्यात आणि गोदीत काम केलं, मग गायक झाला, नाव बदललं, एडिथ पियाफनं हात दिला. 1953 च्या 'वेजेस ऑफ फिअर'मध्ये स्फोटकांचा ट्रक हाकणारा ड्रायव्हर साकारून तो जगभर नट म्हणून ओळखला गेला. 1969 मध्ये 'झी' आला, तेव्हा तो चित्रपटांतलं मोठं नाव होता.

आपल्या शाहिरांच्या वाट्याला अशी दुसरी कारकीर्द आली नाही. मला वाटतं, त्यांनी ती मागितलीही नाही. मोंताँचा रंगमंच तिकीट काढून येणाऱ्यांचा होता, शूटिंगसाठी बंद ठेवता यायचा. मोर्चा बंद ठेवता येत नाही. 1962 ला चीननं आक्रमण केलं तेव्हा हिमालयाचा बर्फ पेटलाय अशी हाक देणारं गीत घेऊन ते गावोगाव फिरत होते. 'प्रपंच'ला जेमतेम वर्ष झालं होतं. दुसरा एखादा स्टुडिओच्या चकरा मारत बसला असता.

1969 च्या 13 जूनला अत्रे गेले, 18 जुलैला अण्णा भाऊ, आणि 29 ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख. अडीच महिन्यांत तिघंही. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, मुलगी मल्लिका अमर शेख मराठीतल्या मोठ्या कवयित्री. माझ्या पोरांना मात्र ते मॅगझीन चौकातल्या स्पीकरमुळं कळले.

पालखी गेल्यावरच्या सोमवारी मी वर्गात मोबाईलवर ते गाणं दाखवलं. बाकाभोवती गर्दी झाली. 'आपले' म्हणणारा पोरगा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, "सर, हे त्यांनी स्वतःच म्हटलं असतं तर?"

"तर पालखीच्या आधी पंढरपूरला पोचलं असतं," मी म्हणालो, "आणि माइक लागला नसता."